कुमुदमावशींचा हाफ कोर्ट

कुणी बास्केट टाकली म्हणून कुमुदमावशींनी टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही. बॉल जाळीतून खाली येतो न येतो तोच त्यांचा प्रश्न यायचा, “पास कुणी दिला?” हा प्रश्न त्यांना मैदानापुरता ठेवता येत नसे. अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात कुणाकडे जेवायला गेल्या आणि मंडळी भरल्या वांग्यांची तारीफ करायला लागली की मावशी विचारणार, वांगी कुणी चिरली? मग घरातला नवरा कोपऱ्यातून बिचकत हात वर करायचा आणि त्या संध्याकाळचा सगळा मान त्यालाच मिळायचा. त्याच्या बायकोला काय वाटत असेल याची मावशींना फिकीर नव्हती.

मावशी नागपूरच्या. माझा मित्र मिलिंद वैद्य, त्याच्या या आई. तरुणपणी विद्यापीठाच्या टीममधून बास्केटबॉल खेळलेल्या आणि पुढे सगळं आयुष्य तिथल्या एका मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून काढलेलं. नवरा लवकर गेला. शाळेची टीम आणि एकुलता एक मुलगा, दोन्ही त्यांनी एकटीनं वाढवली. दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात त्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की इतरांच्या आया येतात तशाच या येतील. शनिवारी इंडियन ग्रोसरी, रविवारी मंदिर, आणि उरलेला वेळ खिडकीशी बसून बर्फ कधी पडतो ते पाहणं. पहिल्याच रविवारी त्या साडीवर मिलिंदचा थंडीचा जुना जाडजूड कोट, पार्का, चढवून, पायात कॅनव्हासचे बूट घालून आमची मॅच बघायला जिममध्ये हजर झाल्या.

आमच्या टीमचं नाव ‘प्रेरी पेशवे’. ते अर्थातच आम्हा पुणेकरांनी ठेवलेलं, आणि मावशींचा पहिला आक्षेप तिथेच. भोसल्यांच्या गावचा माझा पोरगा पेशव्यांत काय करून राहिला, असं त्यांनी मला तोंडावर विचारलं. कम्युनिटी सेंटरची हिवाळी लीग असायची, दर रविवारी दुपारी सामना. समोर बँकवाले, चर्चवाले, आगीच्या बंबावर काम करणारे दांडगे गडी, असे सगळे. आम्ही दोन हिवाळे इमानेइतबारे हरत होतो आणि हरल्यावर पिझ्झा खात होतो, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी स्वतः बाकावरचा खेळाडू. गुडघा दुखतो असं सांगायचो, पण खरं कारण माझा खेळ होता. मावशींच्या शेजारची जागा त्यामुळे आपोआप माझी झाली, आणि इथे जे सांगतो आहे ते त्या जागेवरून दिसलेलं आहे.

तोवर आमचा कोच, कॅप्टन आणि मुख्य खेळाडू सगळं मिलिंदच. सहा फूट उंच, खांद्यानं रुंद, हात चांगला. बास्केटबॉल न पाहिलेल्यांसाठी एवढंच सांगतो की या खेळात पळापळ असतेच, पण खरी परीक्षा हाफ कोर्टात होते. बॉल मधल्या रेषेपलीकडे नेला, समोरचे पाचही जण आपल्या बास्केटसमोर वाट अडवून उभे राहिले, आता काय करायचं? आमचं उत्तर ठरलेलं होतं. बॉल मिलिंदला द्यायचा. मिलिंद बास्केटजवळ पाठ करून उभा, आणि बाकीचे चौघे आपापल्या जागी, एसटीची वाट पाहत असल्यासारखे. तो वळायचा, दोघातिघांना अंगावर घेऊन बॉल टाकायचा. कधी पडायचा, बरेचदा नाही. मिलिंदच्या नावावर मात्र दर मॅचला सगळ्यात जास्त पॉइंट असायचे.

आई आली तशी मिलिंदनं तिला कोच व्हायची गळ घातली. इतका उंच मॅनेजर माणूस, पण विचारताना त्याचा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा झाला होता. मावशींनी लगेच हो म्हटलं नाही. दोन रविवार नुसतं बसून पाहिलं, पार्क्याच्या खिशात हात घालून. तिसऱ्या रविवारी मिलिंदकडे चहाला सगळे जमलो, तेव्हा त्यांनी एकेकाला नोकरीबद्दल विचारायला सुरुवात केली. तू कुणाच्या हाताखाली? तुझा साहेब कोण? तुझं ग्रीन कार्डाचं कुणाकडे? आम्हाला वाटलं, नागपूरकडच्या चौकशा आहेत, कुणासाठी तरी स्थळ बघत असतील. आम्ही खुशाल उत्तरं दिली. सुहास, आमचा सगळ्यात तरुण आणि चपळ खेळाडू, सांगलीचा, गेल्या वर्षीच व्हिसावर आलेला, तो ऑफिसात मिलिंदच्या टीममध्ये होता. बर्वेकाका पन्नाशीचे, सर्वांत जुने, गावातल्या निम्म्या लोकांना पहिलं अपार्टमेंट त्यांनी मिळवून दिलेलं. बाकीचे दोघे मधले.

सगळ्यांचं सांगून झाल्यावर मावशी म्हणाल्या, “आता बॉल कसा फिरते ते सांगते. सुहासकडे आला की तो बर्वेंना देते, कारण ते वयानं मोठे. बर्वे घाम पुसते, चष्मा सावरते, आणि मिलिंदला देते, कारण तो साहेब. तुमचा बॉल मोकळ्या माणसाकडे जातच नाही. मानाच्या माणसाकडे जाते.”

आधी सगळे हसले. मग हसू एकेकाच्या चेहऱ्यावरून उतरत गेलं, कारण आम्ही प्रत्येकानं मनातल्या मनात मागची मॅच आठवून पाहिली होती. दोन वर्षं आम्ही आमच्या हरण्याचं खापर उंचीवर, थंडीवर आणि अमेरिकन पोरांच्या दुधातुपावर फोडत होतो. ऑफिस जिममध्ये आपल्याबरोबर आलं आहे, हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. सगळ्यात मोठ्यानं मिलिंद हसला होता. “आई, करेक्ट आहे तुझं,” तो म्हणाला, “आता तूच बघ.”

मावशींचा पहिला कायदा असा की रेषेच्या आत काका नाही, सर नाही, दादा नाही. नावानं हाक मारायची आणि अरे-तुरे करायचं. ऐकायला सोपं वाटतं. सुहासची त्यांनी पहिल्याच दिवशी परीक्षा घेतली. बर्वेकाका कोपऱ्यात बॉल घेऊन उभे, सुहासनं त्यांना नावानं हाक मारून बॉल मागायचा. त्यानं तोंड उघडलं आणि ‘बर्वे’ म्हणून थांबला, मग ‘काका’ आपोआप निघून गेलं. मावशी म्हणाल्या, परत. पाचसहा वेळा हे चाललं. शेवटी त्यानं डोळे मिटून ‘विनायक, दे!’ अशी आरोळी ठोकली, आणि बर्वेकाका असे काही लाजले की बॉल त्यांच्या हातातून निसटून भिंतीवर गेला. नंतर ते मला हळूच म्हणाले की आई गेल्यापासून त्यांना नुसत्या नावानं कुणी बोलावलंच नव्हतं, बायको ‘अहो’ म्हणते आणि बाकी जग ‘काका’. पुढे पुढे तर ते घरून निघतानाच खुशीत दिसायला लागले.

दुसरा कायदा: बॉल दिला की जागा सोडायची. देऊन उभं राहिलेला माणूस मावशींना खपत नसे. द्यायचा, बास्केटकडे पळायचं, तुमची सोडलेली जागा दुसऱ्यानं भरायची, आणि असं फिरत राहायचं, की समोरच्यानं कुणाला धरावं हे त्याला कळू नये. हे जिममध्ये शिकवायला वेळ पुरेना, कारण हॉल तासाच्या हिशेबानं मिळायचा. मग मिलिंदच्या बेसमेंटमध्ये, गालिच्यावर, मोजे घालून तालीम सुरू झाली. वर मिलिंदच्या लेकीचा, ईशाचा, अभ्यास चालू असायचा, बॉल आपटून चालणार नव्हतं, म्हणून मावशींनी सुनेच्या, अर्चनाच्या, फ्रिजमधला कोबीचा गड्डा आणला. पाच इंजिनिअर एकमेकांना कोबी देत गोल गोल पळताहेत आणि एक बाई मधे उभी राहून ‘हल, हल, हल’ म्हणते आहे, हे दृश्य शेजारच्या गोऱ्या बाईनं खिडकीतून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी अर्चनाला विचारलं की हा तुमचा हिवाळ्यातला सण का. कोबीची भाजी झाली तीही आम्हीच खाल्ली.

तिसरा कायदा मिलिंदपुरता होता. त्याला त्यांनी बास्केटजवळून उचलला आणि चार-पाच पावलं बाहेर, फ्री थ्रोच्या रेषेवर आणून उभा केला, तोंड बास्केटकडे. आता बॉल त्याच्याकडे यायचा तो टाकायला नाही, वाटायला. चौघे त्याच्या डावी-उजवीकडून बास्केटकडे कापत जायचे आणि जो मोकळा सापडेल त्याच्या हातात मिलिंदनं बॉल ठेवायचा. उंच माणूस, मोठे हात, सगळं मैदान डोळ्यांसमोर. खेळ म्हणून पाहिलं तर ती जागा त्याच्याचसाठी होती. मला खेळातलं फारसं कळत नाही, तरी एवढं कळलं.

डिसेंबर संपायच्या सुमारास आम्ही पहिली मॅच जिंकलो. चर्चवाल्यांना विश्वास बसेना. आम्हाला तर त्याहून नाही. मग दुसरी, मग तिसरी. सुहास, जो वर्षभर बॉल मिळाला की निखारा हातात आल्यासारखा तो बर्वेकाकांकडे ढकलायचा, तो आता चारदोन मॅचमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट करायला लागला, आणि ऑफिसातही मीटिंगमध्ये त्याचा आवाज ऐकू यायला लागला. बर्वेकाका कोपऱ्यातून शांतपणे दोन दोन बास्केटा टाकून यायचे. बायकापोरं मॅच बघायला येऊ लागली, पोहे आणि चहाचे थर्मास येऊ लागले. आणि मिलिंदचे पॉइंट होत गेले चार, दोन, कधी कधी काहीच नाही.

मावशींचा प्रश्न चालूच असायचा. पास कुणी दिला? सुहासनं दिला असेल तर ‘शाबास रे पोट्ट्या’. बर्वेकाकांनी दिला असेल तर ‘वा विनायकराव’. आता जास्तीत जास्त वेळा उत्तर ‘मिलिंदनं’ असंच यायचं, आणि त्यावर मावशी म्हणायच्या, “हं.” एवढंच, आणि पुढच्या गोष्टीकडे वळायच्या. मी बाजूला बसलेला असायचो, म्हणून मला तो ‘हं’ फार जवळून ऐकू यायचा. तो कोरडा नव्हता. त्यात पुष्कळ काही असावं, पण मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काय ऐकू जाणार?

एकदा मॅचनंतर मिलिंद माझ्या गाडीतून घरी येत होता, कारण अर्चना मावशींना त्याच्या गाडीतून आधीच घेऊन गेली होती. आम्ही जिंकलो होतो, तरी त्याचा चेहरा पडलेला. सिग्नलला थांबलो तेव्हा आपणहून बोलायला लागला. लहानपणी त्याची शाळा सुटली की तो आईच्या शाळेच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचा. समोर मैदानावर आई मुलींना शिकवायची, अंधार पडेपर्यंत. तो बघून बघून खेळ शिकला. घरी आल्यावर म्हणायचा, मलाही शिकव, तर ती म्हणायची, मैदानावरचं मैदानावर. आणि त्या मैदानावर तर मुलींचीच शाळा.

“मी हिला इथं कशाला बोलावलंय सांगू?” तो म्हणाला. “हिनं एकदा मला खेळताना बघावं म्हणून. कोच कर वगैरे सगळं त्यासाठीच रे यार. एकदा म्हणू दे ना, मिलिंद, छान खेळलास. मी आता चाळिशीला आलो, पण मला ते ऐकायचंय.”

सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला. मी म्हटलं, मावशी तशा बोलत नाहीत, पण त्यांना दिसतं सगळं. तो म्हणाला, दिसतं हे मलाही माहीत आहे.

हीच गोष्ट त्या घरात आणखी एकीनं पकडली होती. ईशा, मिलिंदची मुलगी, आठ वर्षांची, इथेच जन्मलेली. आमच्या पोरांना इथे दार लावलं तरी ‘गुड जॉब’ मिळतं, दूध संपवलं तरी ‘गुड जॉब’. मावशींना याची भारी गंमत वाटायची. शौचाला जाऊन आलं तरी पाठ थोपटते हे लोक, असं त्या म्हणायच्या. एका रविवारी जिमच्या बाकावर ईशा आमच्या दोघांच्या मधे बसली होती. तिनं चिप्स खाता खाता सरळ विचारलं, “आजी, हाऊ कम यू नेव्हर से गुड जॉब टू बाबा?” मावशींना इंग्रजी बोलता येत नसलं तरी कळत होतं. त्यांनी ईशाच्या स्वेटरवरचे चिप्सचे कण झटकले. मग म्हणाल्या, “तो माझा पोरगा आहे बेटा. घरच्या माणसाला कोणी शाबास म्हणते का?” ईशा म्हणाली, “दॅट मेक्स नो सेन्स.” माझ्या मते पोरीचं बरोबर होतं. पण माझ्या वडिलांनीही मला कधी शाबास म्हटलेलं नाही, आणि तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांनी तुम्हाला म्हटलं नसेल. आमच्याकडे परक्याच्या पोराचं कौतुक तोंडावर आणि आपल्या पोराचं शेजाऱ्याकडे, अशी रीतच आहे. मावशी तरी वेगळं कुठून आणणार?

शेजाऱ्याकडे मात्र त्या करत. बर्वेकाकूंना त्यांनी सांगितलं होतं की मिलिंदसारखे हात त्यांनी इतक्या वर्षांत एकाही मुलीचे पाहिले नाहीत. ते बर्वेकाकूंकडून बर्वेकाकांकडे आणि त्यांच्याकडून माझ्याकडे आलं. मिलिंदकडेही गेलं असेल. पण असं चार घरं फिरून आलेलं कौतुक शिळ्या भाकरीसारखं लागतं. पोट भरतं, पण चव येत नाही.

मार्चच्या शेवटी आम्ही चक्क शेवटच्या सामन्यात पोचलो. समोर ते आगीच्या बंबावरचे गडी. मावशींचं परतीचं तिकीट पुढच्याच आठवड्याचं होतं, म्हणून सगळ्या टीमनं ठरवलेलं की ट्रॉफी त्यांच्या हातात द्यायची. मॅच शेवटपर्यंत खेचली गेली. एका पॉइंटनं आम्ही मागे, काही सेकंद उरलेले, बॉल आमच्याकडे. मावशींनी टाइम आउट घेतला आणि नवीन काही सांगितलं नाही. म्हणाल्या, रोजचंच खेळा, मोकळ्या माणसाला द्या.

खेळ सुरू झाला. बर्वेकाकांनी बॉल मिलिंदला दिला, फ्री थ्रोच्या रेषेवर, आणि जागा सोडली. सुहास डावीकडून कापत गेला. पूर्ण हिवाळा सुहासनं सगळ्यांना हैराण केलं होतं, म्हणून मिलिंदला धरणारा माणूस त्याला सोडून सुहासवर धावला. सुहासवर दोघं झाले. आणि मिलिंद एकटा उभा राहिला, बास्केट समोर, मधे कुणी नाही. त्याच्या हक्काचं अंतर. झोपेतही टाकला असता. बाकावरचे आम्ही सगळे उठून उभे राहिलो. मिलिंदनं बॉल वर उचलला, आणि मग, मी अगदी समोर होतो म्हणून मला दिसलं, त्यानं आमच्या बाकाकडे पाहिलं. आमच्याकडे नाही, मावशींकडे. डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ. आणि त्यानं बॉल खाली घेऊन सुहासला पास दिला. पास उत्तम होता. पण दोघांच्या मधून सुहास तो धरणार कसा? कुणाचा तरी हात लागला, बॉल बाहेर गेला आणि भोंगा वाजला.

बंबवाले नाचायला लागले. आमची मंडळी हळूहळू बाकाकडे आली. सुहास रडकुंडीला आलेला, त्याला मावशींनी खांद्यावर थोपटलं. मिलिंद सगळ्यात शेवटी आला. घामानं निथळत होता आणि आईसमोर येऊन उभा राहिला. मॅच हरल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं, खरं सांगायचं तर वाट पाहणं होतं.

“मोकळा तू होतास,” मावशी म्हणाल्या.

“हो आई,” तो म्हणाला, आणि बॅग उचलून गाडी गरम करायला निघून गेला.

बोलल्या ते शंभर टक्के बरोबर होतं. शाळेतल्या कुठल्याही मुलीला त्या हेच म्हणाल्या असत्या. मी शेजारी उभा होतो आणि मला एवढंच वाटत होतं की हे शब्द परत घेता आले तर बरं होईल.

पुढच्या तीनचार दिवसांत त्या घरात बोलणं कामापुरतं उरलं. अर्चनानं मला फोन करून सांगितलं की भांडण नाही काही, पण दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे वागताहेत. मावशींना भारतात न्यायला बदाम, चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. मिलिंदला मीटिंग होती म्हणून मी त्यांना त्या मोठ्या घाऊक दुकानात घेऊन गेलो. येताना गाडीत त्या बाहेरच्या मळकट बर्फाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “त्यानं तो पास सुहासला नव्हता दिला.”

मी गाडीचा वेग कमी केला.

“मला दिला त्यानं. त्याला वाटलं, आईला पास आवडते. सहा महिने मी ओरडून राहिले की मानाच्या माणसाला देऊ नका, मोकळ्याला द्या. आणि माझ्या पोरानं शेवटचा बॉल मानाच्या माणसालाच दिला, अन् तो मान माझा.” त्या मांडीवरची बदामाची पिशवी सारखी करत राहिल्या. “मी काय म्हटलं त्याला? तू ऐकलं ना, तू तिथंच होता. आयुष्यात एकदा पोट्टं समोर येऊन उभं राहिलं, अन् मी त्याची चूक काढली.”

मी म्हटलं, मावशी, अजून वेळ आहे, आज घरी गेल्यावर सांगा. त्या म्हणाल्या की आता सांगितलं तर समजूत काढल्यासारखं होईल, रडक्या पोराला चॉकलेट देतात तसं. त्यापेक्षा नको. ते शब्द तेव्हाचे होते, तेव्हाच निघायला हवे होते. मला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं, पण त्यांना ते जमणारही नाही हेही दिसत होतं. माणूस सगळ्या गावाला पास द्यायला शिकवतो आणि स्वतःच्या घरात त्याच्या हातातून एक शब्द सुटत नाही, याची मला अजूनही हळहळ वाटते.

त्या पुन्हा अमेरिकेत आल्या नाहीत. पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत येते येते म्हणत राहिल्या, आणि मग नागपूरहून फोन आला. मिलिंदला पोचायला दोन दिवस लागले, तोवर सगळं उरकलं होतं. प्रेरी पेशवे त्याआधीच विखुरले होते. सुहास दूर सनीव्हेलला गेला, बर्वेकाकांचे गुडघे गेले. मिलिंद त्या शेवटच्या सामन्यानंतर खेळलाच नाही. कुणी विचारलं तर काम वाढलंय म्हणायचा.

मला मावशी आठवतात त्या विमानतळावरच्या. त्या निघाल्या त्या आठवड्यात मायलेकांचं एकाच विषयावर मोठं बोलणं झालं होतं, ते व्हीलचेअरवरून. आमच्याकडे सगळ्यांच्या आईवडिलांसाठी आम्ही व्हीलचेअर सांगून ठेवतो. पाय धड असले तरी. मधे विमान बदलायचं असतं, इंग्रजीची अडचण, खुर्ची ढकलणारा माणूस त्यांना नेमक्या दारापाशी सोडतो. मिलिंदनंही सांगून ठेवली होती. मावशी भडकल्या. मला काय झालंय, मी काय लुळीपांगळी आहे, एवढ्या पोरी पळवल्या मी. विमानतळावर जाईपर्यंत हे चाललं होतं. गाडी माझी होती, कारण सामान फार आणि अर्चना-ईशाही बरोबर, पण चालवत मिलिंद होता, त्यामुळे सगळं मी त्याच्या शेजारच्या सीटवरून ऐकलं.

काउंटरवर सामान गेलं. निळ्या जाकिटातला एक उंच सोमाली माणूस रिकामी खुर्ची घेऊन आला आणि हसून उभा राहिला. मावशींनी खुर्चीकडे पाहिलं, मग मान ताठ करून दुसरीकडे. मिलिंदच्या लक्षात आलं. तो आईच्या जवळ गेला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “आई, राहू दे. तू चालत जा. मी कॅन्सल करतो.”

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. इतका वेळ त्याच्याकडे बघताना मी त्यांना याआधी कधी पाहिलं नव्हतं.  आणि साडीच्या निऱ्या सावरून त्या खुर्चीत बसल्या. पर्स मांडीवर घेतली. पाय ठेवायच्या पट्ट्या कशा उघडायच्या ते कळेना, तेव्हा मिलिंद खाली वाकला आणि त्यानं त्यांचा एक एक पाय उचलून पट्टीवर ठेवला. मावशी त्याच्या डोक्याकडे वरून बघत होत्या. त्यांचा हात पर्सवरून थोडा उचलला गेला, आणि तो उभा राहिला तसा परत पर्सवर आला.

“नीट चालव गाडी,” त्या म्हणाल्या. “रस्त्याला बर्फ आहे.”

त्या माणसानं खुर्ची वळवली. मावशींना मागे वळून बघता आलं नाही, किंवा त्यांनी बघितलं नाही. सिक्युरिटीच्या रांगेला वळसा घालून त्यांना बाजूच्या वाटेनं आत नेलं. त्या पाठ सरळ ठेवून बसल्या होत्या, पाय मिलिंदनं ठेवले होते तसेच.

त्या दिसेनाशा झाल्यावरही आम्ही दोघं तिथेच उभे होतो. अर्चना ईशाला घेऊन पुढे गेली होती.

“तिला बसायची काही गरज नव्हती रे,” मिलिंद म्हणाला.

मी म्हटलं, “नव्हती.”